मदत हवी आहे: कोकणातल्या पडवीत सुतारकामाची हत्यारं कशी लावावीत?

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीजवळ गावच्या घराच्या मागच्या पडवीत सुतारकामाची जागा करतोय. दहा बाय बारा फूट, दोन बाजूंना चिऱ्याची भिंत, वर कौलं. आजोबांचे दोन लाकडी रंधे, पटाश्या (लाकूड तासायच्या छिन्न्या), किकरी, गुण्या, करवती, गिरमिट आहेत. त्यात माझं ड्रिल, राउटर आणि बरेच शिकंजे (क्लॅम्प). सध्या सगळं एका जुन्या हडप्यात एकावर एक पडलंय. एक पटाशी हवी तर आधी करवत बाहेर, मग रंधा बाहेर. धारा एकमेकींवर आपटतात. 6 मिमीच्या पटाशीच्या कोपऱ्याचा टवका उडालाय आणि तो घासून काढायचा तर बरंच पोलाद वाया जाणार. आजोबांनी आयुष्यभर जपलेली हत्यारं अशी खराब होताना बघवत नाही.

माझ्या मनात फ्रेंच क्लीट आहे, म्हणजे तिरप्या पट्ट्यांवर हत्यारं अडकवायची पद्धत. प्लायची पट्टी 45 अंशांत उभी चिरायची. एक भाग भिंतीला, वरची कड भिंतीकडे उतरती ठेवून. दुसरा भाग उलटा करून खुंटाळ्याच्या (हत्यारं टांगायच्या फळीच्या) पाठीला. खुंटाळं नुसतं अडकवायचं, हवं तेव्हा उचलून दुसरीकडे न्यायचं. टेबल कुठे, यंत्र कुठे हे अजून ठरायचंय, म्हणून ही पद्धत फार पटली.

अडचण पावसाची. हवेतली आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर गेली की उघड्या पोलादाला गंज लवकर धरतो, आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर ती बहुतेक 80 च्या वरच असते. भिंतही ओल धरते. उघडं टांगावं तर गंज, कपाटात कोंडावं तर रंध्यांना बुरशी. काय करावं? शिवाय चिऱ्यात स्क्रू नीट धरत नाहीत, त्यावरही उपाय हवा.

एक गोष्ट मात्र छान जमून आली. तालुक्याच्या गावी बंद पडलेल्या छापखान्यातल्या खिळ्यांच्या (छपाईच्या धातूच्या अक्षरांच्या) लाकडी केसा, म्हणजे खणांचे ट्रे, भंगारवाल्याकडे मिळाल्या. देवनागरीच्या जोडाक्षरांमुळे खणच खण! स्क्रू, वायसर, ड्रिलची पाती यांना याहून चांगली जागा नाही.

– पडवीकर

चिरेबंदी:
पडवीकर, क्लीट थेट भिंतीवर मारू नका. आधी दीड इंच जाडीच्या उभ्या रिपा (लाकडी पट्ट्या) लावा आणि क्लीट त्या रिपांवर. मागून हवा खेळली की भिंतीची ओल प्लायपर्यंत पोचत नाही. रिपा जमिनीपासून फूटभर वर थांबवा, नाहीतर वाळवीला आयती शिडी. चिरा मऊ आणि सच्छिद्र, त्यात लहान गिट्टी (भोकात स्क्रू धरणारा प्लग) सुटणारच. 10 मिमीची लांब फ्रेम फिक्सिंग गिट्टी घ्या, भोक चिऱ्याच्या मध्यावर पाडा, सांध्यात नको. ड्रिलचं हॅमर बंद ठेवा, ठोके बसले की भोक सैल होतं. प्लाय आयएस 710 शिक्क्याचा, म्हणजे मरीन घ्या. साधा व्यापारी प्लाय अशा पडवीत फुगतो.

रंधेवाली:
दादा, उघडं की बंद हा प्रश्न सगळ्या हत्यारांना एकत्र लावू नका. शिकंजे, हातोडी, मोगरी (लाकडी हातोडा), ड्रिल बाहेर टांगा. पटाश्या, रंधे आणि करवती मात्र उथळ कपाटात. हे कपाटही क्लीटवरच अडकवता येतं.

पटाश्यांसाठी फळीला मुठीच्या खांद्याहून लहान भोक पाडा आणि समोरून पटाशीच्या मानेच्या जाडीची खाच आत न्या. पटाशी समोरून सरकते, मूठ वर अडकते, धार कशालाच लागत नाही. खाली पुढच्या बाजूला एक पट्टी मारा, म्हणजे हात चुकून धारेवर जाणार नाही. चामड्याची म्यानं टाळा, चामडं ओल धरतं आणि नेमका धारेलाच गंज चढतो. रंधे तिरप्या फळीवर, पातं आत ओढून.

कपाटात कमी वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब लावा, कागद-कापडापासून लांब. आतली हवा किंचित गरम राहिली तरी आर्द्रता उतरते. एलईडीचा इथे उपयोग नाही, त्याची ऊब पुरत नाही. पोलादावर मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवा. खोबरेल नको, ते पुढे खवट आणि चिकट होतं.

आणि त्या केसांबद्दल अगदी कळकळीने सांगते: खिळे शिशाचे असायचे. खणांत शिशाची धूळ असणार. कोरडा पॉलिश पेपर मारू नका, झटकू नका. ओल्या फडक्याने पुसा, फडकी टाकून द्या, हात धुवा, मुलांना लांब ठेवा. मग आतून पॉलिशचे दोन हात द्या.

पडवीकर:
दोघांचेही मनापासून आभार. शिशाची गोष्ट लक्षातच आली नसती. केसा आजच प्लास्टिकमध्ये गुंडाळून बाजूला ठेवल्या. धारेची हत्यारं कपाटात, बाकी भिंतीवर, हे पक्कं. कपाटाला जुन्या घराच्या फणसाच्या झडपा दारं म्हणून वापरायच्या आहेत. पावसात फुगून अडकू नयेत म्हणून फट किती ठेवू?

चिरेबंदी:
लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळपास नाही. त्यामुळे बाजूची फट महत्त्वाची, वरखाली थोडी चालेल. उन्हाळ्यात बसवत असाल तर दोन झडपांमध्ये 3 मिमी ठेवा, भर पावसात बसवलीत तर दीड पुरे. झडपांच्या चारही कडांना आणि पाठीलाही पॉलिश द्या. एकाच बाजूला दिलंत तर फळी वाकते.