मदत हवी आहे: अंगठ्याचं नख अर्धं उचकटलंय, पट्टी जखमेला चिकटून बसलीये, काढू कशी?

आज चौथा दिवस. रात्री अंधारात उठले आणि उजव्या पायाचा अंगठा पलंगाच्या लोखंडी पायाला असा धडकला की डोळ्यांपुढे काजवेच चमकले. नेहमीची ठेच असेल म्हणून लंगडत तशीच पुढे गेले, लाईट लावला तर फरशीवर माझ्या मागे रक्ताचे ठिपके. नख एका बाजूने अर्धं उचकटलेलं, झाकण उघडल्यासारखं वर आलेलं, आणि उरलेलं अर्धं चिकटलेलं पण त्याच्याखाली जांभळं-काळं रक्त साकळलेलं.

कापडाने घट्ट दाबून धरलं, दहाएक मिनिटांत रक्त थांबलं. इथपर्यंत ठीक होतं बहुतेक. त्यापुढे मी जे काही केलंय ते लिहितेय, हसू नका. कपाटात हायड्रोजन पेरॉक्साईडची बाटली होती ती जखमेवर ओतली, पांढरा फेस आला, जीव गेला माझा, पण फेस येतोय म्हणजे जंतू मरतायत अशी समजूत करून घेतली आणि दुसऱ्या दिवशी परत ओतलं. तिसऱ्या दिवशी जंतुनाशक लिक्विड पाणी न घालता तसंच लावलं. वरून सुका कापूस, त्यावर गॉज, त्यावर चिकटपट्टीचे चार वेढे.

काल पट्टी बदलायला घेतली तर कापूस सुकलेल्या रक्तात रुतलेला, त्याचे तंतू नखाच्या कडेत अडकलेले. थोडं ओढलं तर नखच वर यायला लागलं, परत रक्त आलं, मी घाबरून तसंच गुंडाळून ठेवलं. आज ती पट्टी पुठ्ठ्यासारखी कडक झालीये आणि चालताना प्रत्येक पावलाला आतून ओढ बसते.

तर विचारायचं ते असं की ही पट्टी जीव न जाता कशी काढायची, काढल्यावर धुवायचं कशाने, उचकटलेलं नख कापायचं की ओढून काढायचं की तसंच ठेवायचं (नवरा म्हणतो एक झटका देतो, संपला विषय, मी त्याला पायाच्या आसपास फिरकू देत नाहीये), आणि रात्रीच्या ठणक्याचं काय करायचं, कारण पांघरूण नुसतं टेकलं तरी ओरडायला होतं. वय ४१, शुगर नाही, बीपी नाही, ताप नाही. पट्टीच्या कडेला पिवळसर पाणी दिसतंय, तो पू आहे का कळत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन सात-आठ वर्षं झाली असतील.

प्रतिसाद

नख ओढू नका!! नवऱ्याला तर अजिबात ओढू देऊ नका. बाकी जाणकार सांगतीलच.

प्रतिसाद

मी ड्रेसिंगच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत म्हणून जरा सविस्तर लिहिते. जखमेपेक्षा लोकांना सुकी पट्टी ओढून काढण्याचाच त्रास जास्त होतो, कारण प्रत्येक वेळी नवीन आलेली नाजूक कातडी पट्टीबरोबर निघून येते आणि जखम पुन्हा पहिल्या दिवसावर जाते.

आधी पट्टी भिजवायची. अर्धा लिटर उकळून कोमट झालेल्या पाण्यात एक सपाट छोटा चमचा मीठ विरघळवा. पाय टबात बुडवत बसण्यापेक्षा पाय खाली टेकवून ते पाणी पट्टीवर हळूहळू सोडत राहा, किंवा त्यात भिजवलेलं स्वच्छ कापड पट्टीवर दहा मिनिटं ठेवा. दहा म्हणजे दहा, तीन मिनिटांत धीर सोडून ओढायला जाऊ नका. पट्टी मऊ पडली की नखाच्या मुळाकडून टोकाकडे सोडवा, उलट नको, उलट ओढलं की कपडा नखाच्या खाली अडकून ते उचकटतं. जिथे अडेल तिथे थांबा, परत पाणी सोडा. कापसाचे चार तंतू राहिलेच तर राहू देत, उद्याच्या धुण्यात सुटतील, चिमट्याने कोरत बसू नका. आणि यापुढे उघड्या जखमेवर कापूस कधीच नाही.

धुवायला नळाचं स्वच्छ वाहतं पाणी पुरतं. साधा साबण आजूबाजूच्या कातडीला लावा, जखमेत घासू नका. पेरॉक्साईड बंद करा. फेस रक्तातल्या आणि पेशींमधल्या एका एन्झाइममुळे येतो, त्यावरून जंतू मेले का हे काही कळत नाही, पण रोज ओतलं तर भरून येणाऱ्या चांगल्या पेशी मरतात. पाणी न घालता लावलेल्या जंतुनाशकाचंही तेच, वर कातडी भाजते ती वेगळी.

मग गॉजने टिपून कोरडं करा (पुसायचं नाही, टिपायचं), पेट्रोलियम जेलीचा चांगला जाड थर द्या, त्यावर न चिकटणारी पट्टी, मेडिकलमध्ये नॉन-स्टिक ड्रेसिंग म्हणून मागा, आणि वरून मायक्रोपोर टेप सैलसर. टेपचा पूर्ण वेढा बोटाभोवती आवळू नका, सूज वाढली की दोरी बांधल्यासारखं होतं. बोटाचं टोक दाबून सोडा, पांढरं पडून दोन सेकंदांत परत गुलाबी झालं पाहिजे. रोज एकदा बदला, ओली किंवा मळली तर लगेच.

पिवळसर पातळ पाणी पहिल्या काही दिवसांत येतंच, तो पू नाही. घट्ट, गढूळ, वास येणारं असेल तर पू. आणि लाली रोज पसरत चालली, बोट गरम लागायला लागलं, ठणका कमी व्हायच्या ऐवजी वाढला, पायावर वर चढणारी लाल रेघ दिसली किंवा ताप आला तर घरचे उपाय तिथेच थांबवून त्याच दिवशी डॉक्टरकडे.

नखाचा जो भाग पूर्ण सुटून लोंबतोय तेवढाच स्वच्छ कात्रीने कापायचा, म्हणजे तो मोज्यात-चादरीत अडकणार नाही. चिकटलेला भाग राहू दे. खालच्या उघड्या मांसाला त्याच्याइतकं चांगलं झाकण दुसरं नाही.

प्रतिसाद

नखाखाली रक्त साकळलंय ना, साधी सुई गॅसवर लाल करून नखाला भोक पाडा, रक्त बाहेर येतं आणि ठणका मिनिटात थांबतो. माझ्या मित्राने केलं होतं.

प्रतिसाद

कृपया कोणी असं काही करू नका. भोक पाडतात हे खरं आहे, पण ते दवाखान्यात, योग्य उपकरणाने, आणि साधारण पहिल्या एक-दोन दिवसांत. नंतर आतलं रक्त गोठतं, भोक पाडून काही बाहेर येत नाही. इथे चौथा दिवस आहे आणि नख एका बाजूने आधीच उघडं आहे, म्हणजे दाब तसाही निघून गेलेला असणार. खाली हाड मोडलेलं असेल तर घरच्या सुईने जंतूंना आत जायला वाट करून द्याल ते वेगळंच.

खरं तर मला तीच शंका येतेय. लोखंडी पाया, अंगठा, चौथ्या दिवशीही एवढं दुखणं आणि रात्रीचा ठणका. एक्स-रे काढलाय का? बाकीच्या बोटांना बारीकसं फ्रॅक्चर असलं तर शेजारच्या बोटाला बांधून ठेवतात (मध्ये गॉज घालून, नाहीतर घामाने कातडी कुजते). अंगठ्याला असं गृहीत धरू नका, चालताना वजन त्याच्यावर येतं. आणि नखाखालची जखम उघडी असताना हाडाला चीर असेल तर हाडात इन्फेक्शन जायची भीती असते, म्हणून अशा वेळी अँटिबायोटिक द्यायचं का ते डॉक्टरने ठरवायला लागतं. आजच जा. धनुर्वाताचंही तिथेच विचारा, स्वच्छ लहान जखमेला दहा वर्षांचा हिशोब धरतात पण मळकट किंवा खोल जखमेला पाचच वर्षांचा. सात-आठ वर्षं म्हणजे तुम्ही मधेच अडकलाय.

प्रतिसाद

रात्रीसाठी: पाय दोन उशांवर ठेवा, छातीपेक्षा उंच, एका उशीने फारसं काही होत नाही. माझं नख धावताना गेलं होतं तेव्हा मी पलंगाच्या पायथ्याशी पांघरुणाखाली एक रिकामा खोका आडवा ठेवायचे, पाय खोक्यात, पांघरूण खोक्यावर. दिसतं विनोदी, झोप मात्र लागते. गोळी पॅरासिटामॉलची, पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा जास्त नाही.

नखाचं म्हणाल तर धीर धरा, पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. अंगठ्याचं पूर्ण यायला वर्ष ते दीड वर्ष. मधल्या काळात खालची कातडी आठ-दहा दिवसांत कडक होते, मग हात लावला तरी दुखत नाही. काळा डाग नखाबरोबर पुढे सरकत जातो, मी नेलपॉलिशने झाकायचे. महिनोन् महिने डाग जागचा हलला नाही तर मात्र दाखवून घ्या.

प्रतिसाद

तुम्हाला शुगर नाही म्हणून एवढ्यावर भागतंय. हा धागा कोणी डायबेटिसवाला वाचत असेल तर त्याने घरी एकही प्रयोग करू नये, सरळ डॉक्टर. माझ्या वडिलांना पायाची जाणीवच कमी झाली होती, बोटाची जखम त्यांना दुखली नाही, आम्हाला कळली ती मोज्याला लागलेल्या डागावरून. तोपर्यंत चिघळली होती. दुखत नाही म्हणजे बरं आहे असं त्यांच्या बाबतीत धरता येत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप खूप आभार, काल रात्री एवढ्या लोकांनी लिहिलंय बघून रडूच आलं.

पट्टी निघाली! दहा मिनिटं ठरवली होती, मला पंचवीस लागली, मोबाईलवर वेळ लावून बाथरूमच्या स्टुलावर बसले होते आणि नवरा मगाने पाणी सोडत होता (त्याचा झटका द्यायचा विचार अजून गेला नव्हता बहुतेक). शेवटचा कापूस पाण्यात आपोआप सुटून वर तरंगला तेव्हा विश्वास बसेना, एक थेंब रक्त नाही. खाली बघायची हिंमत करायला मात्र अजून पाच मिनिटं गेली. नखाखालचं मांस ओलं, गुलाबी, पू दिसला नाही.

आज सकाळी जाऊन आले. ज्यांनी एक्स-रेचं लिहिलं त्यांना साष्टांग नमस्कार, अंगठ्याच्या टोकाच्या हाडाला बारीक चीर निघाली. जागेवरून हललेलं नाही, त्यामुळे प्लास्टर नाही, कडक तळाची सँडल घालायला सांगितलीये चार आठवडे. अँटिबायोटिक पाच दिवस, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. नख त्यांनीही ओढलं नाही, सुटा भाग कापला, बाकीचं बसवून ठेवलं. पेरॉक्साईडबद्दल सांगितलं तेव्हा त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

खोक्याची आयडिया आज रात्री करणार आहे, बुटांचा खोका लहान पडतोय, मिक्सरचा सापडलाय. आता एकच विचारायचं राहिलं, अंघोळीच्या वेळी पट्टी ओली होऊ न देता काय करता तुम्ही सगळे? प्लॅस्टिकची पिशवी बांधली तर घोट्यावरून पाणी आत शिरतंय.

प्रतिसाद

शिरू दे. अंघोळ करून घ्या, ओली झालेली पट्टी तिथेच सोडवा, वाहत्या पाण्याखाली पाय धुवा, बाहेर येऊन टिपा, जेली, नवीन पट्टी. रोज बदलायचीच आहे तर अंघोळीलाच बदला, भिजवायचा वेगळा कार्यक्रम वाचतो. फक्त फरशीवर एका पायावर उभ्या राहू नका, स्टूल आहेच.

धागाकर्ती

अरेच्चा, हे सुचलंच नव्हतं.