तळपायांची आग आणि गोळ्यांनी येणारी चक्कर: दुसरा काही मार्ग आहे का?

शाळामास्तरीण (जुळे सोलापूर)

सप्रेम नमस्कार. माझ्या वडिलांचे वय ६४ असून त्यांना १४ वर्षांपासून मधुमेह आहे. अक्कलकोट रस्त्यावरच्या एका यंत्रमाग कारखान्यात त्यांनी ३१ वर्षे मागासमोर उभे राहून काम केले. गेल्या दीड वर्षापासून त्यांच्या दोन्ही तळपायांची आग होते, मुंग्या येतात आणि मधूनच सुई टोचल्यासारखी कळ बोटांपासून घोट्यापर्यंत चढते. दिवसा ते कसेबसे निभावून नेतात, पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की त्रास वाढतो. ज्या माणसाने आयुष्यभर चादरी विणल्या त्याला आता पायांवर चादरीचा नुसता स्पर्शही सोसत नाही. म्हणून आईने साबणाच्या मोठ्या खोक्याची एक बाजू कापली आणि रात्री ते खोके ती त्यांच्या पायांवर उपडे ठेवते. चादर खोक्यावर आणि पाय खोक्यात. तरीही रात्री दोन-अडीचला उठून ते शहाबादी फरशीवर तळवे टेकवून बसलेले दिसतात.

डॉक्टरांनी रात्री घेण्यासाठी नसांच्या दुखण्यावरचे प्रीगॅबालिन ७५ मिलिग्रॅम आणि मिथाइलकोबालामिन (ब-१२ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) एकत्र असलेली कॅप्सूल दिली होती. आठव्या दिवशी पहाटे न्हाणीघराच्या उंबऱ्यावर त्यांचा तोल गेला. थोडक्यात निभावले, परंतु त्या दिवसापासून त्यांनी कॅप्सूल परस्पर बंद केली आणि आता दुकानातून डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी आणून घेतात, ज्याने काडीचाही फरक पडलेला नाही. शेजारच्या काकू मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवायला सांगतात, मावसभाऊ विजेचे यंत्र घ्या म्हणतो. शिवाय जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीबरोबर शहरातल्या अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा चालायचा बाबांचा हट्ट आहे, तोही अनवाणी. गोळ्यांवाचून, निदान कमी गोळ्यांवर, हा त्रास आटोक्यात ठेवता येतो का?

दुकानवाले काका (अशोक चौक)

ताई, मी ३० वर्षे औषधांच्या दुकानात काढली आहेत, त्यामुळे आधी डायक्लोफेनॅकबद्दल लिहितो, कारण मला खरी काळजी त्याची वाटते. मुका मार लागला, सांधा सुजला, तर ती गोळी उपयोगी पडते. परंतु तुमच्या वडिलांच्या पायांना सूज नाही, तिथली नसच बिघडून खोटे निरोप वर पाठवत आहे. अशा दुखण्यावर ती गोळी जवळजवळ निकामी ठरते, आणि १४ वर्षांच्या मधुमेहात मूत्रपिंडांवर मात्र तिचा भार पडतो. ती आजच थांबवावी आणि क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ताची, तपासणी करून घ्यावी.

ही तपासणी दुसऱ्याही कारणासाठी हवी. प्रीगॅबालिन शरीराबाहेर टाकले जाते ते मूत्रपिंडांवाटे, त्यामुळे त्यांचे काम मंदावले असेल तर तीच ७५ची मात्रा अंगात साचून दुपटीसारखी वागू शकते. चक्कर आली म्हणजे औषध वाईट, असे लगेच ठरवू नका. कदाचित मात्राच जास्त झाली असेल. हे औषध कमी मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवायचे असते आणि सहन होईल त्या मात्रेवर काही आठवडे दिल्यावरच त्याचा गुण कळतो. बंद करतानाही निदान आठवडाभर टप्प्याटप्प्याने उतरवावे लागते. बाबांचे आठच दिवस झाले होते म्हणून निभावले, पण पुढे असे परस्पर करू देऊ नका. मधुमेहासाठी पायोग्लिटाझोन चालू असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण दोन्ही औषधांनी पायांवर सूज येते.

प्रीगॅबालिन सोसलेच नाही तर ड्युलॉक्सेटिन आहे, जे सहसा ३० मिलिग्रॅमवर सुरू करून ६० पर्यंत नेतात. पहिल्या आठवड्यात मळमळ होते. रात्री १० मिलिग्रॅम अ‍ॅमिट्रिप्टिलिन देण्याचीही पद्धत जुनी आहे, परंतु या वयात लघवी अडकणे, बद्धकोष्ठ आणि हृदयाची लय यांचा विचार केल्याशिवाय ती घेऊ नये. ही दोन्ही औषधे मुळात नैराश्यावरची आहेत. चिठ्ठी वाचून ‘मला वेडाची गोळी दिली’ म्हणत दुकानात भांडायला आलेले लोक मी पाहिले आहेत, म्हणून घरी आधीच समजावून सांगा.

एक गोष्ट राहिली. मधुमेहावरची मेटफॉर्मिनची गोळी बरीच वर्षे घेतल्याने ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते आणि त्यानेही पायांना मुंग्या येतात. मात्र मिथाइलकोबालामिन चालू असताना रक्त तपासले तर आकडा फुगलेला दिसतो, हे तपासणीच्या वेळी जरूर सांगा.

पाऊलवाट

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दोन्ही पायांना सारखाच आणि मोजा घातल्याप्रमाणे बोटांकडून वर चढणारा त्रास मधुमेहाच्या नसांच्या विकाराशी जुळतो. तो एकाच पायात असता किंवा कमरेतून उतरत असता, तर मी वेगळे लिहिले असते. पायातली शक्ती झपाट्याने कमी झाली किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर मात्र इथे विचारत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

गरम पाणी अजिबात नको. आग होते म्हणजे पायांना सारे कळते, असा समज असतो, पण याच पायांना खरी उष्णता कळेनाशी झालेली असते आणि भाजल्याचे फोड दुसऱ्या दिवशी चपलेत पाय घालताना दिसतात. यंत्राबद्दलही तेच. मावसभाऊ बहुधा टेन्सविषयी बोलत असावेत. त्यातला सौम्य प्रवाह वापरात असेपर्यंत काहींना आराम देतो, परंतु बधिर त्वचेवर त्याच्या पट्ट्या चिकटवायच्या नसतात आणि पेसमेकर असलेल्यांनी ते घरी परस्पर वापरायचे नसते. विकत घेण्याआधी एखाद्या फिजिओथेरपी विभागात चार-पाच वेळा लावून पाहावे.

माझा भर दोन गोष्टींवर राहील. पहिली म्हणजे स्पर्शाची सवय. कापसाच्या बोळ्याने पायाच्या कडेपासून, जिथे सोसते तिथून, दोन-तीन मिनिटे हलकेच फिरवायचे, दिवसातून तीन-चार वेळा. काही दिवसांनी मऊ सुती कापड, मग टॉवेल. टॉवेल सोलापुरात शोधावा लागणार नाही! बिनधोक स्पर्शाला धोका समजणाऱ्या मज्जासंस्थेला हा सराव आहे, म्हणून जोर लावून किंवा दात-ओठ खाऊन करू नका. दुसरी गोष्ट तोलाची. ओट्याला हात धरून टाचा उचलणे, एका पावलापुढे दुसरे ठेवून उभे राहणे, खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणे, एवढ्यापासून सुरुवात करा, आणि ऊन चढण्याआधी होम मैदानावर दहा मिनिटे चालणे, जे दर आठवड्याला दोन-तीन मिनिटांनी वाढवायचे. चांगला दिवस आला म्हणून तासभर चालायचे आणि मग तीन दिवस पडून राहायचे, ही चूक बहुतेक जण करतात.

अनवाणी प्रदक्षिणेला माझा स्पष्ट नकार आहे. त्याआधी तळव्याला १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू टेकवून संवेदना तपासून घ्या. तो कळत नसेल तर खडा रुतलेलाही कळणार नाही. एमसीआर या मऊ रबराची, मागे पट्टा असलेली चप्पल घालून मिरवणुकीचा एखादा टप्पा चालण्याचे ध्येय ठेवले तर मी त्याला व्यायामाइतकेच महत्त्व देईन.

नागीणवाला (होटगी रोड)

माझे दुखणे वेगळे, नागिणीनंतरचे, डाव्या बरगडीवर तीन वर्षे आहे. म्हणून फक्त अनुभव लिहितो. मला गॅबापेन्टिनने (हे प्रीगॅबालिनच्याच जातीचे औषध) सुमारे निम्मा आराम आहे आणि त्वचा बधिर करणाऱ्या लिडोकेनच्या पट्टीने सदरा अंगाला लागलेला सोसतो. मिरचीतल्या कॅप्सायसिनचे मलमही लावून पाहिले. सुरुवातीचे दिवस आग दुप्पट झाली, एकदा तोच हात डोळ्याला लागला आणि मी ते सोडून दिले. शेंगाचटणीवर वाढलेल्या माणसालाही त्याचा सराव नसतो.

मी पहिले वर्ष दुखणे शून्यावर आणणारी गोळी शोधण्यात घालवले. नंतर कळले की या औषधांनी दुखणे निम्म्यावर येण्याचा अनुभवसुद्धा घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून कमी जणांना येतो. तेव्हापासून वहीत दोनच नोंदी ठेवतो: किती तास झोप लागली आणि किती मिनिटे चाललो. डॉक्टरांनाही ‘फार दुखते’ यापेक्षा त्या वहीवरून लवकर समजते.

शाळामास्तरीण (जुळे सोलापूर)

सर्वांचे मनापासून आभार. क्रिएटिनिन १.६, म्हणजे जास्त आले. डायक्लोफेनॅकविषयी ऐकून डॉक्टर रागावले. त्यांनी प्रीगॅबालिन २५वर आणले असून ते झोपण्याच्या वेळेऐवजी रात्री आठला घ्यायला सांगितले आहे. आम्ही न्हाणीघराजवळ रात्रीचा दिवा आणि भिंतीला धरायला दांडी बसवली. तीन आठवडे झाले. आग आहेच, पण चक्कर आलेली नाही, आणि वहीत पूर्वी तीन तास असलेली झोप आता साडेचार तासांवर आली आहे. कापसावरून कापडावर येताना दोन दिवस मागे जावे लागले. खोके अजून पायांवर आहे.

बाबा पट्ट्याच्या चपलेला तयार झाले, मात्र पहिल्या लिंगापाशी ती काढणारच म्हणतात. तंतूच्या तपासणीत उजव्या अंगठ्याखाली त्यांना काहीच कळले नाही, हे त्यांनी स्वतः पाहिले, तेव्हा थोडे गप्प झाले. पाऊलवाट यांना एक विचारायचे आहे: चपलेच्या आत मोजे घालायचे तर शिवण नसलेले मोजे इथे कुठल्या प्रकारच्या दुकानात मिळतील, की साधे सुती मोजे उलटे घातले तरी चालतील?

पाऊलवाट

उलटे घातलेले चालतील, फक्त वरची घट्ट इलॅस्टिक कापून टाका आणि रंग पांढरा घ्या, म्हणजे जखमेचा डाग लगेच दिसेल. रोज संध्याकाळी मोजे काढल्यावर तळव्याखाली आरसा धरून पाहा. बोटांच्या बेचक्यांत बाबांची नजर पोहोचणार नाही, तिथे तुम्हीच पाहा.