नैरोबी ते दार-एस-सलाम : 665 किलोमीटरला सव्वा तास कसा?

वर कुणीतरी 665 किलोमीटर भागिले विमानाचा ताशी 850 किलोमीटर वेग करून पाऊण तास काढलाय आणि तिकिटावरचा सव्वा तास फुगवलेला आहे म्हटलंय. नाही पटलं. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतची असते. शिवाय इतक्या छोट्या पल्ल्यात ताशी 850चा वेग फार थोडा वेळ मिळतो. बाकी सगळं चढणं आणि उतरणं. मी घड्याळ लावून पाहिलं होतं: चाकं सुटल्यापासून टेकेपर्यंत 58 मिनिटं. दोन्ही शहरांची स्थानिक वेळ एकच, त्यामुळे तो घोळ नाही.

एक मात्र इथे कुणीच लिहिलं नाही. दार-एस-सलामला जाताना उजवीकडची खिडकी मागून घ्या, येताना डावीकडची. सकाळचं विमान असेल तर फारच उत्तम. उड्डाणानंतर वीसेक मिनिटांत ढगांच्या वर किलिमांजारो येतो, 5,895 मीटरचा! माथ्यावरचं विवर आणि कडेला उरलेल्या बर्फाचे पांढरे पट्टे स्पष्ट दिसतात. शेजारच्या आजी खिडकीला नाक लावून बसल्या होत्या, चहासुद्धा घेतला नाही त्यांनी.