नव्या प्रजाती कशा घडतात, हे शिकवण्यासाठी कोणते उदाहरण घ्यावे?

कृष्णाकाठ
मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्राणिशास्त्र शिकवतो. हार्डी आणि वाइनबर्ग यांच्या, जनुकरूपांचे प्रमाण काढण्याच्या 1908 च्या सूत्रावरची गणिते मुले बिनचूक सोडवतात. परंतु अ‍ॅलीलच्या, म्हणजे एकाच जनुकाच्या वेगवेगळ्या रूपांच्या, वारंवारतेतील बदलापासून दोन वेगळ्या प्रजातींपर्यंत आपण कसे पोहोचतो, असे विचारले की वर्ग गप्प होतो. माझ्या हाती चार तासिका आहेत, म्हणून भाराभर उदाहरणांऐवजी एकच नीट उलगडावे असा विचार आहे. कोणते घ्यावे, हे कृपया सुचवावे.

रानमेवा
गालापागोसमधील डॅफ्नी मेजर या बेटावरचे फिंच पक्षी घ्यावेत. पीटर आणि रोझमेरी ग्रँट यांनी तेथे 1973 पासून पक्ष्यांची मोजमापे घेतली. 1977 च्या दुष्काळात लहान बिया संपल्या, आणि ट्रायब्युलसची, म्हणजे आपल्या सराट्याच्याच गणातील वनस्पतीची, टणक फळे फोडू शकणारे जाड चोचीचे पक्षी अधिक प्रमाणात तगले. मध्यम भूफिंचांची संख्या सुमारे 1200 वरून 180 पर्यंत घसरली आणि पुढील पिढीची चोच सरासरीने जाड निघाली.

टिटवी
उदाहरण उत्तम आहे, पण ते नैसर्गिक निवडीचे आहे, प्रजातिनिर्मितीचे नव्हे. 1983 च्या अतिवृष्टीनंतर लहान बिया मुबलक झाल्या आणि निवडीची दिशा उलटली. फिंच मात्र त्याच प्रजातीचे राहिले. विद्यार्थ्यांचा घोटाळा नेमका येथेच होतो. एका समष्टीची, म्हणजे एके ठिकाणी आपसात प्रजनन करणाऱ्या गटाची, सरासरी सरकणे वेगळे, आणि दोन समष्टींमधील जनुकप्रवाह, म्हणजे संकरातून होणारी जनुकांची देवाणघेवाण, रोखला जाणे वेगळे.

माझ्या मते उत्तर अमेरिकेतील सफरचंदावरची ऱ्हॅगोलेटिस माशी घ्यावी. तिचे मूळ फळ हॉथॉर्न या काटेरी झाडाचे. युरोपीय वसाहतकऱ्यांनी आणलेल्या सफरचंदावर ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आढळू लागली, आणि बेंजामिन वॉल्श यांनी त्याच सुमारास, 1860 च्या दशकात, अन्नवनस्पती बदलल्याने कीटकांच्या नव्या प्रजाती घडू शकतात असे मांडले होते. माशीचे मीलन तिच्या पसंतीच्या फळावरच होते आणि सफरचंद हॉथॉर्नच्या काही आठवडे आधी पिकते. त्यामुळे मध्ये डोंगर नाही की समुद्र नाही, तरीही दोन गट पडू लागले आहेत.

कृष्णाकाठ
परंतु दोन्ही झाडे शेजारी असतील, तर थोडा संकर होतच असणार. मग वेगळेपण टिकते कसे?

टिटवी
हाच प्रश्न फळ्यावर सोडवावा. जनुकप्रवाह दर पिढीस सुमारे 4 ते 6 टक्के आढळला आहे. आपण 5 धरू. एखाद्या अ‍ॅलीलची वारंवारता एका गटात 0.8 आणि दुसऱ्यात 0.2 असेल, तर फरक 0.6 आहे. दोन्ही बाजूंनी 5 टक्के देवाणघेवाण झाल्यास हा फरक दर पिढीस एकूण 10 टक्क्यांनी घटतो, म्हणजे 0.9 ने गुणला जातो, म्हणजे सात पिढ्यांत निम्म्याखाली येतो आणि वीस पिढ्यांनंतर जेमतेम 0.07 उरतो. माशीची साधारणतः वर्षाला एकच पिढी होत असल्याने दीडशे वर्षांत काहीच उरायला नको होते. प्रत्यक्षात गुणसूत्रांवरील अनेक जनुकस्थानांवर फरक टिकून आहेत. म्हणजेच चुकीच्या हंगामात बाहेर पडणाऱ्या माश्यांना निवड दरवर्षी बाजूला सारत असली पाहिजे. जनुकप्रवाह आणि निवड यांची ही रस्सीखेच मुलांनी स्वतः आकडे मांडून पाहिली, तर सूत्र पाठ करण्यापलीकडे काही हाती लागेल.

रानमेवा
मान्य आहे. तरी फिंच अगदी सोडू नयेत. 1981 मध्ये एस्पान्योला बेटावरून, शंभराहून अधिक किलोमीटर अंतरावरून, एक मोठा नर डॅफ्नीवर आला आणि त्याने स्थानिक मादीशी जोडी जमवली. त्याचे वंशज वेगळे गाणे गात आणि पुढे आपसातच जोड्या जमवत राहिले. तो नेमका कुठून आला, हे जनुकसंचाच्या अभ्यासातून 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. चौथ्या तासिकेला एवढे पुरे.

टिटवी
तो वंश मूठभर पक्ष्यांचाच आहे, हे मात्र वर्गात आवर्जून सांगावे. आणि वरच्या गणितात दोन्ही गट सारख्याच आकाराचे धरले आहेत, तेही फळ्यावर आधी लिहावे. हुशार मुले पहिल्याच मिनिटाला विचारतात.