मदत हवी आहे: शिक्षा झालेल्या आमदाराला स्कॉटलंडच्या पार्लमेंटमधून घालवायचं तर कायद्यात काय होतं?

फोर्थकाठची
मंडळी, विषय जरा विचित्र आहे पण इथे वकील मंडळी आहेत म्हणून विचारतेय. आम्ही डनफर्मलिनला राहतो. लेकीला शाळेत मॉडर्न स्टडीज आहे (आपलं नागरिकशास्त्रच, पण इतिहासाच्या शेपटाला लावलेलं २० मार्कांचं नाही, चांगला जीव काढतात) आणि तिने प्रोजेक्टला आमच्याच गावचं प्रकरण घेतलंय, बिल वॉकर. २०११ ला एसएनपी म्हणजे स्कॉटिश नॅशनल पार्टीकडून इथला एमएसपी म्हणजे आमदार झाला, २०१२ मध्ये पक्षाने हाकलला तरी अपक्ष म्हणून बसून होता, आणि २२ ऑगस्ट २०१३ ला कोर्टात दोषी ठरला. तीन माजी बायका आणि एक सावत्र मुलगी, २३ मारहाणीचे गुन्हे आणि एक शांतताभंगाचा, १९६७ पासून १९९५ पर्यंतचे. वाचतानाच पोटात कसंतरी होतं.

तर मी तोऱ्यात सांगून बसले की आपल्याकडे भारतात दोन वर्षं शिक्षा झाली की आमदारकी गेलीच. ती म्हणे मग याची इथे का नाही गेली? झाली पंचाईत. शोधलं तर १९८१ चा कायदा सापडला, एक वर्षापेक्षा *जास्त* शिक्षा झाली तरच सदस्यत्व जातं. आणि त्याचा खटला चालला समरी पद्धतीने (ज्युरीशिवाय), तिथे शेरीफला म्हणजे इथल्या न्यायाधीशाला जास्तीत जास्त १२ महिनेच देता येतात! म्हणजे निकाल लागायच्या आधीच ठरलेलं की कायद्याने खुर्ची जाणार नाही?? मग मतदार काय करू शकत होते, सही मोहीम, कोर्ट, काहीतरी असेलच ना? का पार्लमेंटच काढू शकत होतं? प्लीज सोप्या भाषेत सांगा, सोमवारी द्यायचंय.

काळा_कोट_नागपूर
ताई, आधी आपल्याकडचं दुरुस्त करून घ्या. दोन वर्षं किंवा जास्त, बरोबर, पण वरच्या कोर्टाने दोषसिद्धीलाच स्टे दिला तर आमदारकी वाचते. आणि "गेलीच" हे पण तसं नवीनच, आधी तीन महिन्यांत अपील केलं की पदावर राहता यायचं, ती पळवाट सुप्रीम कोर्टाने लिली थॉमस खटल्यात १० जुलै २०१३ ला बंद केली, म्हणजे तुमच्या वॉकरच्या निकालाच्या सहा आठवडे आधी. आमच्या सावनेरचे सुनील केदार घ्या, २२ डिसेंबर २०२३ ला पाच वर्षांची शिक्षा झाली, लगेच आमदारकी गेली.

आता तुमचं. सही मोहीम म्हणजे रिकॉल, मतदारांनीच सह्या करून परत बोलावणं, तो कायदा आला २०१५ मध्ये आणि तो पण फक्त लंडनच्या पार्लमेंटमधल्या खासदारांना. तिथे एक दिवसाची कैद झाली तरी चालतं, अपील संपलं की सहा आठवडे पिटीशन उघडी, मतदारसंघातल्या १० टक्के मतदारांनी सही केली की जागा रिकामी. २०१९ ला पीटरबरोच्या खासदार फियोना ओनासान्या तीन महिन्यांच्या शिक्षेवर अशाच गेल्या. पार्लमेंटने काढायचं म्हणाल तर लंडनचं सभागृह खासदाराला बडतर्फ करू शकतं, पण तुमच्याकडे वॉकरच्या वेळी काही काळ सभागृहाबाहेर ठेवता यायचं, कायमचं काढता येत नव्हतं.

कोर्टाचा रस्ता आहे. १९९८ च्या स्कॉटलंड कायद्याचं कलम १८, कोणीही कोर्ट ऑफ सेशनमध्ये (स्कॉटलंडचं वरिष्ठ दिवाणी कोर्ट) जाऊन म्हणू शकतं की हा सदस्य अपात्र आहे तसं जाहीर करा. खर्चापोटी ५००० पौंडांपर्यंत अनामत मागू शकतात. पण मुळात तो अपात्र असायला हवा ना, आणि १२ महिने म्हणजे १२ महिन्यांपेक्षा जास्त नव्हे. तिथेच गाडी अडते.

खवचट_आजोबा
म्हणजे कायदा म्हणतो काही नाही, लाज म्हणते बघू. आमच्यावेळी प्रकृतीचं कारण देऊन राजीनामा द्यायची पद्धत होती.

ग्लासगोकर
गंमत पुढे आहे. इथल्या साध्या नगरसेवकाला तीन महिन्यांची कैद झाली (दंडाचा पर्याय नसेल तर) की पद जातं. कचऱ्याच्या डब्यांवर मत देणाऱ्याला तीन महिने आणि कायदे करणाऱ्याला वर्षाच्या वर! लेकीला हा मुद्दा नक्की घालायला सांगा.

अजून एक, वॉकर मतदारसंघातून आलेला म्हणून त्याने पद सोडल्यावर पोटनिवडणूक लागली. १२९ पैकी ५६ जण प्रादेशिक यादीतून येतात, त्यातला कोणी गेला तर त्याच पक्षाच्या यादीतला पुढचा येतो. त्यामुळे लंडनचा रिकॉल इथे जसाच्या तसा उचलून लावता येत नाही, सह्या कुठल्या मतदारसंघातून घेणार?

फोर्थकाठची
काळा कोटदादा, ग्लासगोकर, खूप खूप धन्यवाद. नगरसेवकाचं ऐकून ती उडालीच. आजोबा, तुमचंच खरं निघालं, चहूबाजूंनी दबाव आला तेव्हा त्याने ७ सप्टेंबरला स्वतःच सोडलं, २० ला शिक्षा झाली, बरोब्बर १२ महिने, आणि २४ ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत लेबरच्या कारा हिल्टन आल्या. त्याने नाही म्हटलं असतं तर तुरुंगातून आमदार!

आता ती विचारतेय की समरी पद्धत कोण ठरवतं. सरकारी वकील, बरोबर ना? आणि ते ५००० पौंड परत मिळतात का हो?

काळा_कोट_नागपूर
हो, सरकारी वकील. पैसे जिंकलात तर मिळतील ताई, ती अनामत आहे, फी नाही. वकिलाची फी वेगळी :)