वास येत नाही म्हणून डेपोची जमीन शुद्ध ठरते काय?

लाल माती : रेल्वेमार्गालगतच्या बंद इंधन डेपोच्या जागेवर बाजारपेठ व्हावी, यासाठी काल ‘वेशीवरचा’ यांनी लिहिले की टाक्या केव्हाच उचलून नेल्या आहेत, शेजारच्या बोअरवेलचा अहवाल निर्दोष आला आहे, पाण्याला वास नाही, आणि तरीही माती तपासा म्हणणारे लोक गावाच्या विकासाला खीळ घालत आहेत. हे वाचून स्वस्थ बसवत नाही, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

टाकी उचलली म्हणजे झिरपलेले इंधन उचलले, असे होत नाही. जमिनीखालच्या नळांचे सांधे, रेल्वेच्या वाघिणी (इंधनाचे डबे) रिकाम्या करण्याची जागा आणि टँकर भरण्याचा चौथरा येथून वर्षानुवर्षे थोडे थोडे इंधन मुरत असते. पेट्रोल आणि डिझेल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे ते भूजलाच्या पातळीवर तरंगते. आपल्याकडे ती पातळी पावसाळ्यात चढते आणि मे महिन्यापर्यंत खोल जाते, त्यामुळे मधला सगळा मुरूम त्या थराने माखत राहतो. ज्या बोअरवेलचा दाखला दिला जात आहे, तिच्या वरच्या भागाला केसिंग (भोकाच्या कडेने बसवलेला पाइप) आहे आणि ती खालच्या काळ्या दगडाच्या भेगांतले पाणी ओढते. तिच्या पाण्यावरून वरच्या थराविषयी काहीही सिद्ध होत नाही. शिवाय तो नमुना प्लॅस्टिकच्या बाटलीत, अर्धवट भरून नेला होता. पेट्रोलमधले बेंझिन हे विषारी द्रव्य हवेत उडून जाते. म्हणून काचेची कुपी काठोकाठ भरून, आत बुडबुडाही न ठेवता, बर्फात न्यावी लागते.

वासाविषयीही बोलू. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातील बेंझिनची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम ठेवली आहे, आणि पाण्यातले बेंझिन नाकाला कळते ते साधारण 10 मिलिग्रॅमच्या आसपास. बेंझिनने रक्ताचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेले आहे.

वेशीवरचा : आपण नुसत्या बेंझिनचा आकडा दिलात. डेपोत नुसते बेंझिन नव्हते; पेट्रोलमधील इतर घटकांचा वास फार कमी प्रमाणातही येतो, त्यामुळे वास नसणे अगदीच निरर्थक नाही. दुसरे असे की मातीतले जिवाणू हे इंधन खातात, आणि गळती थांबून बरीच वर्षे झाली की दूषित पाण्याचा पट्टा पसरायचा थांबतो, बहुधा आखडतोही. हे जगभर दिसून आलेले आहे. आमच्या गावातील तरुण हातगाडी लावायला बेळगावच्या रस्त्यांवर जागा शोधत फिरतात, आणि येथे इतकी मोठी मोकळी जागा कुंपणामागे पडून आहे. आपल्याला नोकरी आहे, म्हणून आपण थांबू शकता.

मळेकरी : आमचा मळा त्या कुंपणाच्या उताराकडे आहे. माझ्या वडिलांच्या काळी आमच्या उघड्या विहिरीवर पहिल्या पावसानंतर इंद्रधनुषी तवंग येत असे आणि बैल ते पाणी तोंडी लावत नसत. आता तवंग दिसत नाही, कारण विहीरच कोरडी पडली आहे. ती कोणी कोरडी केली? सभोवती ऊस लावून, बोअरमागून बोअर मारणाऱ्यांनी. 10 अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला वीज फुकट, म्हणून थ्री फेज आली की रात्रभर मोटर चालू. वरचे घाण पाणी भेगांतून खाली खेचून नेले ते या पंपांनी. आधी ते बंद करा, मग डेपोकडे बोट दाखवा.

निपाणीकर : मळेकरींचे हे बोलणे मला सहन होत नाही. ऊस लावला नाही तर आम्ही खायचे काय, हे त्यांनी सांगावे. इंधन सांडले डेपोने आणि आरोपी ठरला शेतकरी! माझ्या सासुरवाडीला बोअर मारण्यासाठी दागिने गहाण ठेवले गेले, आणि तेव्हा पिण्याचे पाणी पुरवायला कोणीही पुढे आले नव्हते. आपल्याला स्वतःची विहीर गेल्याचे दुःख आहे, ते मी समजतो, पण त्यासाठी संपूर्ण शिवाराला दोषी धरू नका.

मळेकरी : शिवाराला नव्हे, रात्रभर मोटर सोडून झोपणाऱ्यांना दोषी धरतो आहे, आणि त्यांत माझे चुलतेही आहेत. बोअर मारू नये असे मी म्हटलेले नाही. दूषित जागेच्या उशाशी बोअर मारून, तिचे केसिंग मुरमातच अपुरे सोडून, बाजूची पोकळी सिमेंटने न बुजवता पाणी उपसणे म्हणजे घाणीला खाली उतरायला वाट करून देणे आहे. ही गोष्ट पटत नसेल, तर कोणत्याही जुन्या बोअर मारणाऱ्या कामगाराला विचारा.

निपाणीकर : केसिंगचे म्हणणे खरे आहे. बोअर मारणारा गाडीवाला फुटाचा हिशेब लावतो, आणि केसिंगचे पाइप वाचवण्याकडे आमचाच कल असतो. परंतु सर्वांना एका मापाने मोजल्याबद्दल आपण शब्द मागे घ्यायला हवेत.

सुळग्याची सून : या सगळ्या वादात एक गोष्ट कोणीच बोललेले नाही. हापशाचे पाणी वापरू नका अशी सूचना कुंपणावर लावली होती, ती केवळ कन्नडमध्ये. माझ्या सासूबाई त्याच हापशावर कपडे धुवत राहिल्या. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा त्याहून अधिक असतील तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असे संरक्षण देशपातळीवर मान्य झालेले आहे.

वेशीवरचा : प्रत्येक विषयात सीमाप्रश्न आणू नका. विषबाधा कन्नड घरालाही होईल.

सुळग्याची सून : होईल, आणि त्या घराला ती सूचना वाचता आली. आमच्या घराला आली नाही. मी सीमाप्रश्न बोलत नाही, त्या पाण्यात कपडे धुणाऱ्या सासूबाईंच्या हाताविषयी बोलते आहे.

लाल माती : त्यांचे म्हणणे तपासणीचाच भाग आहे. धोका कळला नाही, तर अहवालाचा उपयोग काय? वेशीवरच्यांनी मांडलेला जिवाणूंचा मुद्दा मी मान्य करतो, पण पट्टा आखडला आहे हे मोजून ठरते. दगडाच्या भेगांत पाणी मातीसारखे सावकाश, सारखे पसरत नाही. ते एका भेगेतून दूर निघून जाते आणि शेजारचा हापसा स्वच्छ राहतो. पूर्वी पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे शिसे तर जिवाणूंनी नष्ट होतच नाही. देशभर शिसेविरहित पेट्रोल 2000 साली आले, आणि हा डेपो त्याआधीचा आहे. आपल्या लाल मातीतील लोह शिशाला धरून ठेवते, म्हणजे ते पाण्यात कमी आणि मातीत जास्त सापडेल. तेथेच बाजार भरणार असेल, तर मुले त्याच धुळीत खेळतील.

तेव्हा पाणीपातळी जेथे वरखाली होते त्या पट्ट्यात जाळीचे पाइप बसवून किमान तीन निरीक्षण विहिरी घ्याव्यात. त्या त्रिकोणात असतील तरच प्रवाहाची दिशा काढता येते. चौथरा आणि नळांच्या रेषेवर वेगवेगळ्या खोलीची माती काढावी.

वेशीवरचा : आणि पैसे? ग्रामपंचायतीकडे पथदिव्यांचे बिल भरायला पैसे नाहीत.

लाल माती : पंचायतीने भरूच नयेत. दूषित जागांविषयी केंद्राचे नियम जुलै 2025 मध्ये आले आहेत. ज्याने दूषित केले त्याने खर्च सोसावा, हे त्यांचे तत्त्व आहे. पंचायतीने संशयित जागा म्हणून लेखी कळवावे, ठरावाची प्रत जोडावी.

वेशीवरचा : तीन विहिरींपुरती माझी हरकत नाही. मात्र एक नमुना पावसाळा संपताच आणि दुसरा मे महिन्यात घेतला जावा, त्याहून अधिक काळ कोणी बाजार अडवू नये, आणि टाक्यांपासून दूर असलेला रस्त्याकडचा तुकडा आधी तपासून, निर्दोष निघाल्यास, हातगाड्यांना लगेच द्यावा.

मळेकरी : माझी कोरडी विहीरही तपासणीत घ्या. तळाचा गाळ आम्ही अद्याप काढलेला नाही.