भरलेल्या वाइनच्या बाटल्यांवरचं जुनं लेबल काढून नवीन कसं लावायचं?

ओली_शाई:
माझा मामा दरवर्षी घरी द्राक्षांची वाइन करतो. आई-बाबांच्या लग्नाला पुढच्या महिन्यात ३० वर्षं पूर्ण होतायत, म्हणून त्याने सहा बाटल्या मला दिल्यात. वाइन उत्तम आहे, बाटल्या मात्र जमवलेल्या. चार बाटल्यांवर मूळ कंपनीची लेबलं तशीच आहेत. उरलेल्या दोन कोऱ्या होत्या, त्यांच्यावर मामाने कागदी चिकटपट्टी लावून मार्करने भरल्याची तारीख टाकलीय. मला आई-बाबांची नावं, तारीख आणि एखादं चित्र असलेली लेबलं लावायची आहेत.
तीन गोष्टी आधीच सांगते. बाटल्या भरलेल्या आहेत, बुचं लागलेली आहेत. नवीन काही विकत आणायचं नाही. घरात इंकजेट प्रिंटर, कागद आणि डिंक आहे. आणि रिकाम्या बाटल्या मामाला परत द्यायच्या आहेत. कोणी केलंय का असं काही?

काचकाम:
सोपं आहे. मोठ्या पातेल्यात उकळतं पाणी, त्यात मूठभर धुण्याचा सोडा, बाटल्या अर्धा तास बुडवून ठेवा. लेबल आपोआप सुटून वर तरंगतं. मी एका दिवसात चाळीस बाटल्या स्वच्छ केल्यात, नख लावावं लागलं नाही.

बूच_बहाद्दर:
अहो, बाटल्या भरलेल्या आहेत! तापली की वाइन फुगते आणि बूच वर ढकलते. मी एकदा तीन बाटल्या भर उन्हात बंद गाडीत विसरलो. संध्याकाळी पाहिलं तर बुचं बोटाच्या पेराएवढी वर आलेली, मानेवरून लाल ओघळ. वाइनला शिजवलेल्या फळाचा वास येत होता, तिन्ही ओतून द्याव्या लागल्या.
ताई, आधी लेबलाचा कोपरा ओला करून नखाने खरवडून बघा. कागद भिजून लगदा झाला तर गोंद पाण्याचा आहे. मग फडकं सोड्याच्या कोमट पाण्यात भिजवून फक्त लेबलाभोवती गुंडाळा, वरून प्लास्टिक लपेटा, अर्ध्या तासाने जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडा. पाणी झिरपलंच नाही तर ते स्टिकर आहे, तिथे सोडा काही करत नाही. हेअर ड्रायर लेबलाच्या कडेवर थोडा वेळ धरा आणि हळूहळू सोला. काच हाताला गरम लागली की थांबा.

काचकाम:
भरलेल्या आहेत हे वाचायचं राहिलं. पण सोडा तो सोडाच.

लखलख:
कागदी लेबलाच्या फंदात पडूच नका. लेझरने काचेवर नावं कोरून घ्या. मी बहिणीच्या लग्नात बारा बाटल्या करून घेतल्या, आजही तिच्या कपाटात दिमाखात उभ्या आहेत. पैसे लागतात, पण अशी भेट आयुष्यात एकदाच देतो आपण.

ओली_शाई:
सुंदरच दिसत असणार. पण मामाला पुढच्या वर्षी त्याच बाटल्या भरायच्या आहेत, त्यावर आई-बाबांची नावं कोरलेली कशी चालतील? आणि खर्च करायचा नाहीये.

दूधखुळा:
डिंक नको, दूध वापरा. खरंच सांगतोय, घरी बिअर-वाइन करणारे बरेच जण हेच करतात. ताटलीत थोडं दूध घ्या, लेबलाची मागची बाजू त्यावर टेकवा, जास्तीचं निथळू द्या, बाटलीवर लावा आणि मधून कडांकडे फडक्याने दाबत जा. दुधातल्या केसीन नावाच्या प्रथिनामुळे चिकटतं. बाटल्या भरण्याच्या कारखान्यांतही केसीनचा गोंद वापरला जातो. वाळल्यावर घट्ट बसतं आणि परत काढायचं तेव्हा पाण्यात ठेवलं की सुटतं. मामांना बाटल्या परत द्यायच्यात ना, मग याहून सोयीचं काही नाही.

तिसरा_मजला:
दुधाने माझ्याकडे मुंग्या लागल्या होत्या. शाळकरी मुलांची गोंदाची कांडी बरी.

दूधखुळा:
जास्तीचं दूध पुसलं नसेल. ओल्या फडक्याने कडा पुसून घेतल्या की मुंग्याही नाहीत आणि वासही नाही.

तिसरा_मजला:
पुसलं होतं.

शाईचा_डाग:
दूध की डिंक यापेक्षा मोठा प्रश्न शाईचा आहे, त्यावर कोणी बोलत नाहीये. साध्या इंकजेटची शाई पाण्यात विरघळते. मी मैत्रिणीच्या साखरपुड्याला निळ्या फुलांची लेबलं केली होती, आठवडाभर खपून. बाटली बर्फाच्या बादलीतून बाहेर काढली तेव्हा फुलांचे ओघळ झाले होते आणि नावातलं पहिलं अक्षर पुसलं गेलं होतं. पांढऱ्या टेबलक्लॉथवर निळा डाग पडला, तो शेवटपर्यंत सगळ्यांना दिसत होता. मला अजून वाईट वाटतं.
लेझर प्रिंट काढून आणा, त्याचा टोनर, म्हणजे शाईची भुकटी, पाण्याने पसरत नाही. झेरॉक्सच्या दुकानात एका पानावर सहाही लेबलं बसतील. इंकजेटच वापरायचा असेल तर शाई पूर्ण वाळू द्या, मग पारदर्शक ॲक्रिलिक स्प्रेचे दोन पातळ हात मारा आणि त्यानंतरच चिकटवा. बाटली फ्रीजमधून काढल्या काढल्या लेबल लावू नका, काचेवर दव असतं.

गोलघेर:
माप घेतलंत का? ७५० मिलीच्या सरळ खांद्याच्या बाटलीचा घेर साधारण २३-२४ सेंटिमीटर भरतो. समोरून वाचायच्या लेबलाला ९-१० सेंटिमीटर रुंदी पुरते, त्याहून मोठं केलं तर नाव वाचायला बाटली फिरवावी लागते. उतरत्या खांद्याच्या बाटलीवर लेबल जरा जरी वर गेलं तरी सुरकुत्या पडतात. आधी कोरा कागद कापून लावून बघा.

रंगपेटी:
चित्राबद्दल थोडं. शातो मुताँ रोथशिल्द या फ्रेंच वाइनच्या लेबलावर १९४५ पासून जवळजवळ दरवर्षी वेगळ्या चित्रकाराचं चित्र असतं. १९५८ ला दाली, १९७० ला शगाल, १९७३ ला पिकासो. लोक ती लेबलं जमवतात. म्हणजे वाइन संपल्यावरही लेबल उरतं. म्हणून म्हणते, नेटवरची द्राक्षांच्या वेलीची चित्रं घेऊ नका, घरातल्या कोणाकडून तरी काढून घ्या.

बूच_बहाद्दर:
हे थोडं अवांतर, पण महत्त्वाचं. मामांना विचारा, वाइनचं आंबणं पूर्ण थांबलं होतं का? हायड्रोमीटरचा, म्हणजे वाइनमध्ये साखर किती उरली त्याचा अंदाज देणाऱ्या उपकरणाचा, आकडा बरेच दिवस सारखा राहिला होता का? साखर उरली असेल आणि यीस्ट जिवंत असेल तर बाटलीत पुन्हा वायू होतो. बूच उडतं, नाहीतर बाटली फुटते. गोड वाइन असेल तर जास्तच जपा.
आणि वाइन टिकावी म्हणून सल्फाइट घातलं असेल तर मागे लहान अक्षरांत तेवढं लिहा. काही दमेकऱ्यांना त्याचा त्रास होतो.

ओली_शाई:
विचारलं. वाइन कोरडी आहे, म्हणजे गोड नाही, आकडा तीन आठवडे हलला नव्हता, सल्फाइट घातलंय. ते लिहिणार.

नवीन_सभासद:
सोडा आणि उकळतं पाणी. आपोआप निघतं.

काचकाम:
बाटल्या भरलेल्या आहेत हो. मीही तीच चूक केली.

ओली_शाई:
काल बसले. चारपैकी तीन लेबलं पाण्याच्या गोंदाची निघाली, ओल्या फडक्याने तासाभरात काच स्वच्छ. चौथं स्टिकर होतं. ड्रायरने सोललं, मागे चिकट थर राहिला तो खोबरेल तेल आणि खायचा सोडा चोळून काढला, शेवटी साबणाने धुतलं. बूच_बहाद्दर, खूप आभार.
लेबलं मात्र छापणार नाहीये. सहाही बाटल्या पुसून ओळीने ठेवल्या, तेव्हा मामाच्या पट्टीवाल्या त्या दोन बाटल्यांकडेच सारखं लक्ष जात होतं. त्याचा ९ खालून वळतो, आईचाही तसाच वळतो. दोघं एकाच पाटीवर शिकलेले. मामाला बोलावून बाकी चारांवरही तशाच पट्ट्या लावून घेतल्या. त्याने तारीख घातली, खाली "ताईसाठी" लिहिलं. सल्फाइटचं मी मागे लिहिलं. मानेला दोऱ्याने एक कार्ड बांधलंय, त्यावर दोघांची नावं, माझ्या हाताने.

शाईचा_डाग:
कार्डावर कुठलं पेन वापरलंत? बॉलपेन किंवा पेन्सिल असेल तर ठीक, जेल पेन पसरेल.

ओली_शाई:
जेल होतं. पुन्हा लिहिते.

लखलख:
कोरून घेतलं असतंत तर कायमचं राहिलं असतं.

काचकाम:
बाटल्या रिकाम्या झाल्या की पट्ट्यांचा चिकटपणा काढायला सोड्याचं गरम पाणी वापरा. तेव्हा चालेल.

ओली_शाई:
कार्डं आणि पट्ट्या आईला जपून ठेवायच्या असतील, हे आत्ता लक्षात आलं. पट्टी न फाटता काढायचा उपाय कोणाला माहीत आहे का?